दिव्याखालचा हिशेब

दिवेलागण झाली आहे. तुळशीपुढं दिवा लावून झाला असेल, तव्यावर भाकरी असेल, पोरं पुस्तकं पसरून बसली असतील. हात चालू ठेवा आणि कान इकडं द्या. आज ज्या वस्तूचा इतिहास आम्ही सांगणार आहोत, ती तुमच्या डोक्यावरच टांगलेली आहे. घरातला बल्ब.

हा विषय आमच्या गटात निघाला तो एका नुकसानीमुळं. मागच्या थंडीत आम्ही कोंबडीची २०० पिलं आणली. त्याच सुमारास गटानं ठरवलं होतं, की वीजबिल खाली आणायचं. घरातले पिवळे बल्ब काढले आणि एलईडी लावले. त्याच झपाट्यात पिलांच्या खोलीतलेही बल्ब बदलले. उजेड असा लख्ख पडला की आम्ही एकमेकींची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर पिलं कोपऱ्यात एकावर एक चढलेली. खालची गुदमरलेली, कडेची गारठलेली. ४३ पिलं गेली.

बैठकीत भांडण झालं. एक म्हणाली, हे नवे बल्बच वाईट. दुसरी म्हणाली, मग माझं बिल एवढं कमी कसं आलं? दोघींचंही खरं होतं. तेव्हा आम्ही ठरवलं, की बल्ब चांगला की वाईट हे भांडत बसण्यापेक्षा तो आपल्या घरात आला कसा, कुणी आणला, आणि प्रत्येक वेळी नफा कुणाला आणि तोटा कुणाला झाला, ते नीट बघू.

चिमणी आणि कंदील

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी दिवा म्हणजे तेलाची वात. करडई, करंज, एरंड, जे तेल गावात निघेल ते. मग रॉकेल आलं. कुणी त्याला घासलेट म्हणायचं. पत्र्याची चिमणी, वर कापसाची वात, आणि वातीपेक्षा जास्त धूर. सकाळी पोरांच्या नाकातून काजळी निघायची. चुलीपुढं चिमणी, पाळण्याजवळ चिमणी. ती कलंडून पदर पेटलेल्या बाईची गोष्ट गावागावांत एखादी तरी असतेच.

कंदील त्यापेक्षा बरा. पण त्याची काच रोज संध्याकाळी राखेनं पुसायची, ते काम पोरींचं. काच फुटली तर बोलणीही पोरीनंच खायची. लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्या असायच्या. त्या डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका मजुरीवर आलेल्या असायच्या. उजेड वरातीला मिळायचा, झळ त्यांच्या टाळूला लागायची.

आपल्याच सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथं डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नूरी’ नावाचा कंदील तयार केला. तो रॉकेलवरच चालायचा, पण उजेड १०० वॅटच्या बल्बाएवढा द्यायचा. म्हणजे थोड्या इंधनात जास्त उजेड हा विचार खेड्यासाठी नवा नाही. रेशनचं रॉकेल पुरवून पुरवून वापरणाऱ्या प्रत्येक बाईनं तो केलेला आहे. वात बारीक करणं ही आपली पहिली वीजबचत म्हणायला हरकत नाही.

वीज आली, पण कुणाकडं?

तारेत वीज सोडून ती तापवायची आणि उजेड पाडायचा, हे जमवण्यासाठी अनेकांनी खटपट केली. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन यांना १८७९ च्या सुमारास त्यात यश आलं. मुंबईत १८८२ सालीच क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. ती कुठून आणायची? घाटावरच्या पावसातून. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून खोपोलीला वीज तयार करायचं टाटांचं केंद्र १९१५ साली सुरू झालं.

पुढचं धरण मुळशीला ठरलं. मावळातली भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले आणि त्या लढ्यातून ते ‘सेनापती’ झाले. तरीही धरण झालंच. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ साली सुरू झालं. मुंबई उजळली आणि मुळशीतली घरं उठली. विजेच्या दिव्याखालचा अंधार तिथपासून मोजायला हवा.

देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्या भारतात मिळून वीज पोचलेली गावं जेमतेम दीड हजार होती. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी राज्याचं वीज मंडळ उभं राहिलं. दोन-तीन वर्षांत कोयनेची वीज सुरू झाली. तिच्यासाठीही गावं पाण्याखाली गेली. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, तो आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही आठवतो.

१९६९ साली ग्रामीण विद्युतीकरणासाठी केंद्राचं वेगळं महामंडळ निघालं. खांब आले, तारा आल्या. पण इथं एक गंमत ऐका. गंमत कसली, आपल्या आयांची फसवणूकच. कोणत्या गावात वीज आली असं म्हणायचं, याची सरकारी व्याख्या १९९७ सालापर्यंत अशी होती, की गावाच्या शिवारात कोणत्याही कामासाठी वीज वापरली म्हणजे गावात वीज आली. म्हणजे मळ्यात एक पंप चालला की गाव कागदावर उजळलं. गावठाणात एकाही स्वयंपाकघरात दिवा नसला तरी चालायचं. २००४ साली व्याख्या बदलली. मग निदान १० टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा ठिकाणी वीज हवी, असं ठरलं. दहा टक्के म्हणजे शंभरातली दहा घरं. उरलेल्या नव्वद घरांतल्या बाया चिमणीवरच भाकरी थापत होत्या, तरी गाव मोजणीत बसायचं.

गरिबांच्या घरासाठी १९८८-८९ मध्ये ‘कुटीर ज्योती’ योजना आली. तिच्यात एका दिव्याची जोडणी मिळायची. एका घराला एकच दिवा. तो कुठं लावायचा? बहुतेक घरांत तो बाहेरच्या खोलीत लागला, कारण पाहुणा तिथं बसतो. चुलीपाशी तोच जुना अंधार राहिला. आमच्यातल्या एका आत्याबाईंनी भिंतीला वर भोक पाडून बल्ब मधोमध बसवून घेतला होता. अर्धा उजेड ओसरीला आणि अर्धा चुलीला. त्यांना आम्ही आमच्या गावातल्या पहिल्या वायरमन मानतो.

पिवळा बल्ब म्हणजे लहानशी शेगडी

आता तो पिवळा बल्ब समजून घेऊ. त्याच्या पोटात टंगस्टन धातूची बारीक तार असते. वीज गेली की ती तापते आणि तापून उजळते. आपण शंभर रुपयांची वीज दिली, तर नव्वदहून जास्त रुपयांची उष्णता होते आणि थोड्याच पैशांचा उजेड मिळतो. म्हणजे आपण दिवा म्हणून आणतो ती खरं तर शेगडी असते, आणि उजेड तिच्याबरोबर वरकड मिळतो.

पण त्याचे गुणही सांगायला हवेत. किंमत कमी. दाब कितीही उतरला तरी तो निखाऱ्यासारखा का होईना, पेटून राहायचा. आत विषारी काही नाही. फुटला तर काच उचलायची, झालं. आणि त्याची उष्णता पिलांना पुरायची.

आठवतंय का, ‘झिरोचा बल्ब’? देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर लावायचा. झिरो म्हणजे वीज लागतच नाही, असं सगळ्यांना वाटायचं. तसं काही नव्हतं. तो १०-१५ वॅट घ्यायचा. जुन्या मीटरची चकती एवढ्याशा भारानं हलायची नाही, म्हणून त्याला झिरो म्हणायचे. नवे मीटर आले आणि त्यांनी झिरोलाही मोजलं. फुकट म्हणून जे सांगतात, ते कुणीतरी कुठंतरी मोजतच असतं.

वळणदार बल्ब आणि त्याचा पारा

१९७० नंतर जगात खनिज तेल महागलं आणि थोड्या विजेत जास्त उजेड कसा मिळेल याचा शोध सुरू झाला. ट्यूबलाइट आधीपासून होतीच. तीच वाकवून, गुंडाळून बल्बाच्या आकारात बसवली ती सीएफएल. अमेरिकेतल्या एडवर्ड हॅमर यांनी १९७६ साली वळणदार नळीचा दिवा तयार केला. ६० वॅटच्या बल्बाचं काम तो १४-१५ वॅटमध्ये करायचा. मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ अमेरिकेत काम करतात. त्यांनी १९९१ च्या सुमाराला हिशेब मांडून दाखवला, की भारतासारख्या देशात असे दिवे लावले तर किती वीज वाचेल. अडचण किमतीची होती. वीज वाचून होणारा फायदा वर्षभरानं मिळणार, आणि पैसे मात्र आज मोजायचे. आठवड्याच्या बाजाराला हातात येणाऱ्या पैशांवर घर चालवणाऱ्या बाईला ते कसं जमणार?

मग २००५ च्या सुमाराचं भारनियमन आलं. ते कुणाला आठवत नाही? बारा-बारा तास वीज नाही. पहाटे वीज येईल तेव्हा पिठाच्या गिरणीत रांग. दहावीच्या पोरी पुन्हा चिमणीशी बसल्या. संध्याकाळी सहा ते दहा सगळे एकदम दिवे लावतात, तेव्हाच विजेची सगळ्यात जास्त ओढाताण होते. म्हणून घराघरातला बल्ब बदलला तर धरणाइतकाच उपयोग होईल, हे वीज खात्यांच्याही ध्यानात आलं.

२००९ साली केंद्रानं ‘बचत लॅम्प योजना’ काढली. जुना बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या. उरलेली किंमत परदेशांकडून मिळणाऱ्या कार्बनच्या पैशातून भरून निघणार होती. केरळसारख्या राज्यात ती जोरात चालली. पुढं कार्बनचे भाव कोसळले आणि योजनेचा आधार गेला.

पण सीएफएलच्या पोटात पारा असतो. थोडाच, काही मिलिग्रॅम. तरी पारा तो पाराच. जपानमध्ये मिनामाटा नावाच्या गावी कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत उतरला आणि मासे खाणाऱ्यांच्या मेंदूत आणि त्यांच्या पोटातल्या बाळांत गेला. त्या गावाच्याच नावानं २०१३ साली पाऱ्याविरुद्धचा जागतिक करार झाला. आता पाऱ्याचे दिवे टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं आहे.

आम्हाला हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरात काहीतरी होतं. आम्ही फुटलेला सीएफएल केरसुणीनं लोटला, सुपलीत भरला आणि उकिरड्यावर टाकला. तो उकिरडा पुढं शेतात गेला. ही चूक आम्ही सगळ्यांनी केली आहे, म्हणून सगळ्यांना सांगतो. अजूनही कुणाच्या घरात जुना सीएफएल किंवा ट्यूब असेल आणि ती फुटली, तर आधी पोरांना बाहेर काढा. दारं-खिडक्या उघडा आणि थोडा वेळ सगळ्यांनीच बाहेर थांबा. मग केरसुणी न लावता जाड कागदानं तुकडे गोळा करा. बारीक भुगा चिकटपट्टीनं टिपा. सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. हात धुवा. २०१६ च्या ई-कचऱ्याच्या नियमांत हे दिवे आले होते. ग्रामसभेत विचारा, की आमच्या गावातल्या अशा बरण्या कुठं जमा करायच्या?

एलईडीचा काळ

एलईडीत तापलेली तार नाही आणि पाराही नाही. एका खास पदार्थाच्या कणातून वीज गेली की तो उजळतो. लाल रंगाचा एलईडी १९६२ सालीच निघाला होता. रेडिओवरचा लाल ठिपका आठवा. पण पांढरा उजेड पाडायला निळा एलईडी हवा होता आणि तो जमायला पुढची तीसेक वर्षं गेली. ते काम करणारे अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

५ जानेवारी २०१५ ला केंद्राची ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीनं लाखो-कोटी बल्बांची एकदम मागणी नोंदवली. २०१४ च्या सुरुवातीला जो बल्ब सरकारला ३१० रुपयांना पडत होता, तो दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. आपल्याला तो रोख किंवा वीजबिलातून हप्त्यानं मिळाला. देशात असे ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. मैत्रिणींनो, ही एकत्र खरेदीची ताकद आहे. आपण गटानं मिरची-हळद एकत्र घेतो, तेव्हा हेच करतो.

आता वही-पेन्सिल घ्या. ६० वॅटचे चार पिवळे बल्ब, रोज पाच तास. महिन्याला ३६ युनिट. त्याजागी ९ वॅटचे चार एलईडी. महिन्याला साडेपाच युनिट. वाचले साधारण ३० युनिट. युनिट ७ रुपये धरला तर दोनशे दहाच्या वर रुपये. बल्ब शंभर रुपयांचा धरला तरी चारांची किंमत दोन महिन्यांत वसूल. शिवाय १०० युनिटांच्या आत राहिलं तर दरही खालचा लागतो.

हा झाला फायदा. आता तोटेही वाचून दाखवतो.

एक, ज्या घरात एकच दिवा आहे, तिथं वाचणार पन्नासेक रुपये. बिलातला स्थिर आकार तर कमी होतच नाही. म्हणजे ज्याच्या घरात जास्त दिवे, त्याला जास्त नफा.

दोन, खोक्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं, पण दाब वर-खाली होणाऱ्या आपल्या गावात बल्बातलं सर्किट आधी जळतं. आम्ही बाजारातून ढिगातले ४० रुपयांचे बल्ब घेतले होते. पावती नव्हती. दिवाळीला लावले आणि संक्रांतीला गेले. तेव्हापासून आम्ही बीआयएसची खूण आणि स्टारची चिठ्ठी बघतो, पावती घेतो आणि तिच्यावर हमीची तारीख लिहून घेतो.

तीन, पारा नसला तरी एलईडी म्हणजे प्लास्टिक, धातू आणि सर्किट. उकिरड्यावर कुजणारी वस्तू ती नाही.

चार, वीज कमी लागते म्हणून दिवे जळतच ठेवायची सवय लागते. गोठ्यात, न्हाणीत, मागच्या दाराला. कधीकधी ती गरजच असते. रात्री परसात जाणाऱ्या पोरीसाठी लावलेला दिवा उधळपट्टी नाही. पण रिकाम्या खोलीतला दिवा उधळपट्टीच आहे.

पाच, पांढराफटक उजेड निवडायला-टिपायला आणि सुईत दोरा ओवायला चांगला. झोपायच्या खोलीत मात्र पिवळसर एलईडी घ्या. तोही मिळतो, वीज तेवढीच घेतो आणि झोप मोडत नाही.

आणि सहावा तोटा आम्ही ४३ पिलं देऊन शिकलो. एलईडी ऊब देत नाही. पहिल्या आठवड्यात पिलांना ३५ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि पुढं दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. साधा हिशेब असा, की एका पिलाला २ वॅटचा पिवळा बल्ब. २०० पिलांना ४०० वॅट, म्हणजे १०० वॅटचे चार बल्ब. आम्ही लावले होते ९ वॅटचे चार एलईडी. ३६ वॅट, आणि तेही उजेडाचे. ज्या बल्बाला आम्ही शेगडी म्हणून नावं ठेवत होतो, तिथं शेगडीच हवी होती. दिवा बदलायच्या आधी तो तिथं काय काम करतो, हे आम्ही विचारलंच नाही.

यंदा पिलांच्या खोलीत पिवळे बल्ब आहेत, कडेनं पुठ्ठ्याचं कुंपण आहे, आणि रात्री दोघींची पाळी आहे. पिलं बल्बाखाली गर्दी करून बसली तर गारठलीत, लांब पळाली तर तापलीत, सगळीकडं सारखी पसरली तर ठीक. आणि घरात मात्र एलईडीच.

शेवटी एक सांगायचं राहिलं. या सगळ्या इतिहासात बाई कुठं दिसली? काच पुसताना, गॅसबत्ती वाहताना, फुटलेला बल्ब लोटताना. दिवा बनवणारी ती क्वचितच होती. ते बदलायला लागलं आहे. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पात दहा लाख दिवे जोडायचं काम झालं आणि त्यात खेड्यातल्या बायकांनी हातात डाग देण्याची सळई धरली. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी तर अशी स्वतःची कंपनी काढली. बल्बाचं सर्किट म्हणजे काही देवाची करणी नाही. बंद पडलेले एलईडी दुरुस्त करायला शिकणं आमच्या गटानं पुढच्या तिमाहीच्या ठरावात घेतलं आहे. जमलं तर सांगू. नाही जमलं तरी सांगू.

तोवर तुम्ही एवढंच करा. उद्याच्या बैठकीत गेल्या वर्षाची बिलं घेऊन या. प्रत्येक घरातले दिवे मोजा आणि कोणता दिवा कुठं आहे ते लिहा. चुलीपाशी दिवा नसेल, तर पहिला नवा बल्ब तिथं लावा. बाकीचा हिशेब त्यानंतर मांडू.